मुंबईतल्या आपत्ती-सज्जता ग्रुपचं स्वतःचं ॲप: कुठून सुरू करायचं, काय टाळायचं

पॉवर बँक भरलेली आहे का हे दर रविवारी बघणारी, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळ ठेवणारी, सोसायटीच्या जिन्यातल्या होज पाइपचं नोझल जागेवर आहे ना हे येताजाता तपासणारी माणसं मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात आहेत. कुणी ट्रेकिंगवाला असतो, कुणी हॅम रेडिओवाला (हौशी बिनतारी संच चालवणारा), कुणी नागरी संरक्षण दलाचा स्वयंसेवक. आजूबाजूच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं तोंडपाठ असलेली एखादी काकूही असते. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप बहुधा असतोच. ग्रुप वाढला की कामाची माहिती 'सुप्रभात'च्या खाली गाडली जाते, आणि मग विषय निघतो: आपल्या नावाचं, आपलं स्वतःचं ॲप असावं.

हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. आमच्या ग्रुपने हे काम पूर्ण केलं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो माहिती शोधण्यात. स्टोअरचे नियम एकीकडे, कायदा दुसरीकडे आणि मुंबईच्या पाण्याचं ज्ञान तिसऱ्याच कुणाच्या डोक्यात. ते सगळं इथे करायच्या क्रमाने मांडते आहे. कोडिंग येत नसलं तरी वाचा, कारण यातले अवघड निर्णय कोडिंगचे नाहीतच.

१. ॲप काय करणार नाही, ते आधी लिहून काढा

पहिल्या बैठकीत सगळ्यांना धोक्याचा इशारा देणारं ॲप हवं असतं. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. हवामान खात्याचे इशारे आहेत, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' आहे, विजांसाठी 'दामिनी' आहे, पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १९१६ आहे, सगळ्या तातडीच्या सेवांसाठी ११२ आहे. त्यांच्यामागे पाळीवर बसलेली माणसं आहेत. तुमच्याकडे नोकरीधंदा सांभाळून वेळ देणारी माणसं आहेत. रात्री तीनला इशारा द्यायचा राहिला, तर ज्याने तुमच्या ॲपवर भरवसा ठेवला तो पाण्यात सापडेल.

याला कायद्याचीही बाजू आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. 'धरण फुटलं' असा एखादा फॉरवर्ड तुमच्या ॲपवरून, तुमच्या चिन्हासकट फिरला तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

'मदत मागा' असं लाल बटणही ठेवू नका. ते दाबलं की पलीकडे नक्की कोण उठणार आहे, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ते बटण धोकादायक आहे. त्या जागी ११२, १९१६, अग्निशमनाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ थेट डायल करणारी चार मोठी बटणं द्या. इंटरनेट नसलं तरी ती चालतात.

मग ॲपने करायचं काय? आधीची तयारी. घर, इमारत आणि गल्ली यांची माहिती गोळा करणं, सराव करणं, आणि वेळ येईल तेव्हा एकमेकांना नावानिशी ओळखत असणं. हे काम सरकारी ॲप करू शकत नाही. तुमच्या गल्लीत पाणी पहिल्यांदा कुठून शिरतं हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

२. मुंबई एक धरू नका

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७४ मिलिमीटरच्या आसपास पडला. एकाच शहरातली ही दोन टोकं आहेत. म्हणून 'मुंबईसाठी सूचना' असा एकच विभाग असलेलं ॲप फारसं कामाला येत नाही.

विभाग वॉर्डाप्रमाणे करा, कारण पालिकेचं कामही वॉर्ड ऑफिसातूनच चालतं. त्याखाली त्या भागाचा खरा धोका लिहा. हिंदमाता, सायन आणि किंग्ज सर्कलला पाणी तुंबतं. कुर्ल्याला मिठी नदी आहे, दहिसरला दहिसर नदी. मिलन आणि अंधेरी सबवे भरले की पूर्व-पश्चिम वाहतूक अडते. भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या टेकडीउतारावरच्या वस्त्यांना दरडीची भीती. गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या चाळींत जिना आणि सज्जा पडण्याची चिंता, तर लोअर परळच्या टॉवरमध्ये आगीची. भांडुपच्या उतारावर राहणाऱ्या बाईंना टॉवरच्या रेफ्यूज मजल्याबद्दल (आगीच्या वेळी आसऱ्याला थांबायची जागा) वाचायला लावलं तर त्या दुसऱ्यांदा ॲप उघडणार नाहीत.

सगळे वॉर्ड एकदम उघडू नका. जिथे तिथल्याच रहिवाशाने जबाबदारी घेतली आहे तेवढेच उघडा, मग ते तीनच असोत. रिकामा विभाग दिसला की लोकांना वाटतं ॲप बंद पडलं.

३. नाव आणि चिन्ह

नाव मराठीत उच्चारायला सोपं आणि फोनवर सांगितलं तर एकदाच सांगून कळेल असं घ्या. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या ऑनलाइन शोधात आणि दोन्ही स्टोअरवर शोधून बघा. नोंदणी करायची तर ॲपसाठी वर्ग ९ महत्त्वाचा; प्रशिक्षणही देत असाल तर वर्ग ४१ बघा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. रजिस्ट्रीचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्जासाठी तिथे जावं लागत नाही.

चिन्हाच्या बाबतीत एक सापळा हमखास असतो. प्रथमोपचार म्हटलं की डिझायनर पांढऱ्यावर लाल क्रॉस काढतो. रेडक्रॉसचं ते चिन्ह जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार परवानगीशिवाय वापरता येत नाही. पालिकेचं बोधचिन्ह, पोलिसांचा बिल्ला, अशोकस्तंभ यांच्यासारखं दिसणारं काहीही नको. लोकांना तुम्ही सरकारी वाटलात तर ते तुमच्याकडून सरकारी मदतीची अपेक्षा धरतील.

फॉन्टसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेला 'मुक्ता' खुल्या परवान्यात मिळतो आणि लहान पडद्यावर नीट वाचता येतो. ॲपची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' अशीच नोंदवून घ्या. 'हिंदी' नोंदवली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

४. ॲप कुणाच्या मालकीचं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो इथेच सोडवा. ॲप, डोमेन, सर्व्हरचं खातं, स्टोअरचं खातं, हे सगळं ग्रुपच्या नावावर हवं. उत्साही तरुण सभासद स्वतःच्या ईमेलवर सगळं उघडून देतो, पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागते, आणि पासवर्ड शोधण्यात अख्खा पावसाळा जातो. ग्रुपचा स्वतंत्र ईमेल काढा आणि दोन जणांकडे त्याचा ताबा ठेवा.

ग्रुप नोंदणीकृत असेल तर उत्तम. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदणी करायला किमान सात जण लागतात, आणि तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही करावी लागते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हाही मार्ग आहे. त्यात दरवर्षीची कागदपत्रं जास्त. तुमच्या भागातलं एखादं नोंदणीकृत मंडळ किंवा ट्रेकिंग संस्था छत्र द्यायला तयार असेल तर सुरुवातीला तेच बरं. फक्त ठराव लेखी घ्या: ॲप कुणाचं, माहिती कुणाची, आणि वेगळं व्हायचं झालं तर काय.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

• संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन
• ॲपसाठी अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव
• संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड
• संस्थेचा पत्ता दाखवणारं बिल किंवा भाडेकरार
• डी-यू-एन-एस क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक; संस्थेच्या नावाने स्टोअरचं खातं काढायला लागतो, मोफत मिळतो, पण वेळ घेतो)
• स्वतःचं डोमेन आणि त्यावरचा ईमेल
• खासगीपणाचं धोरण आणि वापराच्या अटी, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत

न्यासाचं प्रमाणपत्र बऱ्याचदा मराठीत असतं, पॅन इंग्रजीत, आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग. 'मंडळ' कुठे एका 'ए'ने तर कुठे दोन. स्टोअरची पडताळणी अक्षरन् अक्षर जुळवते. अर्जाआधी सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या.

५. बनवायचे तीन मार्ग

पहिला मार्ग तयार व्यासपीठाचा. माइटी नेटवर्क्स किंवा सर्कल यांसारख्या सेवा तुमच्या नावाचं, रंगाचं ॲप देतात. चर्चा, कार्यक्रम, सभासद हे सगळं तयार असतं. वर्गणी डॉलरमध्ये असते आणि स्वतःच्या नावाचं ॲप बहुधा सगळ्यात महागड्या योजनेतच मिळतं. खरी अडचण वेगळी आहे: नेटवर्क गेल्यावर यातलं फार थोडं चालतं.

दुसरा मार्ग डिस्कोर्ससारखी चर्चामंचाची खुली प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा. स्वस्त पडतं, माहिती आपल्याकडे राहते, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

तिसरा मार्ग स्वतः बनवून घेण्याचा. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात लिहिलं तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बरंचसं एकाच कोडमधून निघतं. गावभर फीचर मागवू नका. माझं मत स्पष्ट आहे: संदर्भाची पानं फोनमध्येच राहतील असं लहान ॲप स्वतः बनवून घ्या, आणि गप्पा-चर्चा सुरुवातीला आहेत तिथेच चालू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, तेवढ्यात बरेच दिवस निभतं.

कुणाकडून बनवून घेत असाल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: कोड तुमच्या खात्यात रोजच्या रोज जमा होईल, स्टोअरचं खातं तुमचं असेल, आणि पहिल्या पावसाळ्यात दुरुस्ती करायला ते उपलब्ध असतील. साच्यावर बनवलेल्या ॲपबाबत ॲपलचा नियमच आहे की ते बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यातून टाकता येत नाही. मजकुराच्या मालकाने स्वतःच्या खात्यातून टाकावं लागतं. 'आमच्या खात्यातून टाकतो, स्वस्तात पडेल' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा.

६. नेटवर्क गेल्यावर चालेल असं करा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. २६ जुलैला फोन लागत नव्हते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळल्यावर मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तुमचं ॲप ज्या दिवसासाठी बनतं आहे, त्या दिवशी इंटरनेट असेल हे गृहीत धरू नका.

वॉर्डाची पानं, फोन नंबर, प्रथमोपचार, कुटुंबाची योजना हे सगळं पहिल्यांदा उघडतानाच फोनमध्ये उतरलं पाहिजे. मजकूर शब्दांत आणि साध्या रेषाचित्रांत ठेवा. व्हिडिओ सरावासाठी ठीक, संदर्भासाठी नाही. ॲपचा आकार लहान ठेवा. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या फोनमध्ये जागा कमी असते, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी जड ॲप उडवलं जातं.

लॉगिनशिवाय संदर्भ उघडला पाहिजे. ओटीपी आल्याशिवाय पान दिसत नसेल तर नेटवर्क नसताना ते ॲप असून नसल्यासारखं. लॉगिन फक्त लिहिण्यासाठी ठेवा.

नकाशाबाबत दोन सापळे आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाची माहिती मोफत वापरता येते, श्रेय द्यावं लागतं. पण त्यांच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून फोनमध्ये साठवायला मनाई आहे. ऑफलाइन नकाशा हवा असेल तर तो स्वतः तयार करा किंवा परवानगी देणाऱ्या सेवेकडून घ्या. दुसरं, भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा हा आपल्याकडे गुन्हा आहे. तुम्हाला वॉर्डाबाहेरचं काही लागत नाही, तेव्हा नकाशा वॉर्डापुरताच ठेवा.

भरतीचं वेळापत्रक मात्र आवर्जून घाला. पाऊस किती पडेल हे चार दिवस आधीही नीट सांगता येत नाही, पण भरती किती वाजता आणि किती मीटरची हे वर्षभर आधी माहीत असतं. जून ते सप्टेंबरचं अख्खं वेळापत्रक काही किलोबाइटांत मावतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस पालिका दरवर्षी जाहीर करते. त्या वेळी समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून पातमुखांचे (नाले समुद्राला मिळतात त्या तोंडांचे) दरवाजे बंद ठेवावे लागतात आणि शहरातलं पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध इथली उदंचन (पंपिंग) केंद्रं त्यासाठीच आहेत. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला तर सखल भागात पाणी उतरायला वेळ लागणार, हे सभासदाला घरातून निघण्याआधी कळलं पाहिजे.

फोनची बॅटरीही संपते. प्रत्येक वॉर्डाचं आणि इमारतीचं एक पान कागदावर छापता येईल अशी सोय करा: मीटर रूम कुठे, मुख्य स्विच कोणता, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे, गच्चीची चावी कुणाकडे, एकटे राहणारे ज्येष्ठ कोणत्या मजल्यावर आणि त्यांच्याशी बोलायची जबाबदारी कुणाची. हे पान वॉचमनच्या केबिनमध्ये आतल्या बाजूला लावायचं. ज्येष्ठांची नावं आणि घर क्रमांक त्यावर लिहू नका, मजला पुरे. आमच्याकडे ॲपपेक्षा या पानाने जास्त माणसं जोडली गेली. पान भरायच्या निमित्ताने लोक पहिल्यांदा मीटर रूममध्ये गेले.

सूचना पाठवताना अँड्रॉइडवर वेगवेगळे प्रकार पाडा: अधिकृत इशाऱ्याची आठवण, सराव, आणि बाकीचं. म्हणजे गप्पांना कंटाळून कुणी आवाज बंद केला तरी महत्त्वाची सूचना पोचते. अँड्रॉइड १३ पासून सूचनांना वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगी लागते, आणि बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय मागे चाललेलं ॲप बंद करून टाकते. ते सेटिंग कसं बदलायचं हे पहिल्याच पडद्यावर चित्रांसह सांगा. आयफोनवर सायलेंटमध्येही वाजणाऱ्या सूचनेसाठी ॲपलची खास परवानगी लागते. ती मिळेल असं धरून आखणी करू नका.

७. मजकूर: मुंबईचा आणि तपासलेला

परदेशी 'प्रेपर' (संकटासाठी साठा करून ठेवणाऱ्या) मंडळींच्या याद्या भाषांतर करून टाकू नका. तळघर, शिकारीचा सुरा आणि वर्षभराचं डबाबंद अन्न याचा वन-रूम-किचनमध्ये उपयोग नाही. आपल्या पिशवीत पाणी, चणे-शेंगदाणे, बिस्किटं, ओआरएस, रोजची औषधं, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, बॅटरीवरचा रेडिओ, सुटे पैसे, चष्म्याची जादा जोडी आणि कागदपत्रांच्या प्रती. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाला इन्सुलिन लागत असेल तर त्यासाठी वेगळी ओळ.

इशाऱ्यांचे रंग समजावून सांगा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. प्रत्येक रंगापुढे 'आपल्या घरी काय करायचं' हे त्या कुटुंबाने स्वतः भरायचं, अशी मोकळी जागा ठेवा.

तुंबलेल्या पाण्यात चालण्यावर एक स्वतंत्र पान हवंच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाणी ओसरावं म्हणून झाकण काढू नका. कडेचा आधार धरून, काठीने पुढची जमीन चाचपत चला. पायाला जखम असेल तर शक्यतो पाण्यात उतरू नका. अशा पाण्यातून चालणं झालं असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. पालिकेच्या दवाखान्यात जाता येतं. औषधाचं नाव आणि मात्रा ॲपमध्ये लिहू नका. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. गाडीवाल्यांसाठीही एक परिच्छेद लिहा: २००५ मध्ये बंद गाडीत अडकून माणसं गेली, म्हणून पाणी चढू लागलं की गाडी सोडायची, आणि काच फोडायची हातोडी हाताशी ठेवायची.

सोसायट्यांसाठी तारखांची आठवण ठेवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ खाली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पालिकेच्या यादीत इमारत 'सी-१' असेल तर ती राहण्यास धोकादायक आहे. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींची यादी म्हाडा पावसाळ्याआधी जाहीर करते. या दोन याद्या कुठे बघायच्या, एवढंच ॲपमध्ये सांगा. स्वतः यादी उतरवली की ती जुनी होते आणि कुणाच्या तरी घराला विनाकारण डाग लागतो.

प्रत्येक पानाखाली दोन गोष्टी लिहा: कुणी तपासलं आणि शेवटचं कधी तपासलं. प्रथमोपचाराची पानं डॉक्टरांनी किंवा रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यानेच तपासावीत. हॅम रेडिओचा विभाग असेल तर परीक्षा आणि परवान्याशिवाय संच चालवता येत नाही, हे पहिल्या ओळीत असू द्या.

८. लोकांची माहिती: जितकी कमी तितकी बरी

उत्साहाच्या भरात फॉर्ममध्ये रक्तगट, आजार, घरचा पत्ता, घरात एकटं कोण असतं, सगळं विचारलं जातं. हे सर्व्हरवर गोळा करू नका. ही यादी चुकीच्या हाती गेली तर घरफोडी करणाऱ्याला आयतंच पान मिळेल. कुटुंबाची योजना त्या कुटुंबाच्या फोनमध्येच राहू द्या. तुमच्याकडे नाव, वॉर्ड आणि संपर्क एवढं पुरेसं आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे माहिती कशासाठी घेता हे सोप्या भाषेत सांगून संमती घ्यायची, आणि मागितली की पुसून टाकायची. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. तेव्हा सभासदत्व १८ च्या वरच्यांनाच द्या आणि मुलांसाठीची पानं लॉगिनशिवाय खुली ठेवा. माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपमध्ये दिसायला हवा.

लोकेशनची परवानगी मागू नका. वॉर्ड हाताने निवडू द्या. लोकांचा विश्वास राहतो आणि स्टोअरचे बरेच प्रश्नही टळतात.

९. स्टोअरवर चढवणं

गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर. आपल्याकडे बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी फक्त प्ले स्टोअरवर गेलात तरी चालतं.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. असली नसली तरी चाचणी कराच, आणि चाचणीत जुना फोन वापरणारे, मोठ्या अक्षरांचं सेटिंग ठेवणारे आणि इंग्रजी न वाचणारे लोक घ्या. प्रत्येकाला विमान मोड चालू करायला सांगा आणि एका मिनिटात स्वतःच्या वॉर्डाचं पान शोधायला लावा. ज्याला सापडत नाही त्याच्या शेजारी बसून बघा, मध्ये बोलू नका.

ॲप परत पाठवलं जाण्याची नेहमीची कारणं अशी:

• सभासद लिहू शकतात, पण 'तक्रार करा' आणि 'ब्लॉक करा' ही सोय नाही
• ॲपमधूनच खातं पुसता येत नाही
• तपासणाऱ्यासाठी चालतं लॉगिन दिलेलं नाही. भारतीय नंबरवर येणारा ओटीपी त्याला मिळणार नाही, म्हणून ठरावीक चाचणी नंबर आणि कोड द्या
• माहितीच्या फॉर्ममध्ये एक लिहिलं आहे आणि ॲप दुसरंच गोळा करतं
• वर्णनातून सरकारी ॲप असल्याचा भास होतो

ओटीपी स्वतःच्या नावाने एसएमएसने पाठवणार असाल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या एसएमएस-नोंदणी व्यवस्थेवर संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम कोडिंग सुरू होतानाच लावून द्या, किंवा सुरुवातीला ईमेल लॉगिन ठेवा.

१०. वेळापत्रक आणि पावसाळ्यातली शिस्त

मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. तेव्हा एप्रिल संपायच्या आत ॲप लोकांच्या फोनमध्ये हवं. मागे मोजत गेलात तर मार्चमध्ये चाचणी, जानेवारी-फेब्रुवारीत मजकुराची तपासणी, आणि नोंदणी-नाव-क्रमांक यांची कामं दिवाळीनंतर लगेच. मेमध्ये एक सराव करा: एका रविवारी सकाळी, एकच वॉर्ड, मोबाइल डेटा बंद ठेवून. परळला पालिकेची आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करा. वॉर्ड ऑफिसलाही पत्र देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही कोण हे त्यांना आधीच माहीत असेल.

जोराच्या पावसात ॲडमिन किमान दोन असावेत, वेगवेगळ्या भागांत राहणारे, म्हणजे एकाकडची वीज गेली तरी दुसरा असेल. त्या दिवसांचा नियम एकच आणि कडक: फोटो किंवा बातमी टाकायची तर जागा, वेळ आणि 'मी स्वतः पाहिलं' असं लिहूनच. बाकी सगळं रोखून ठेवायचं, मग पाठवणारा कितीही ज्येष्ठ असो. मागच्या वर्षीचा कुर्ल्याचा व्हिडिओ दर पावसात नव्याने फिरतो. कुणी अडकल्याचं कळलं तर चर्चा न करता त्याला ११२ किंवा १९१६ लावायला सांगा, आणि लावला का हे विचारायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, दोन दिवस फक्त नंबर तपासायला ठेवा. ॲपमधला प्रत्येक नंबर लावून बघायचा, न लागणारा काढायचा, वॉचमनच्या केबिनमधलं पान बदलायचं. गच्चीची चावी ज्यांच्याकडे होती ते घर सोडून गेले असतील, तर ती आता कुणाकडे आहे ते याच वेळी विचारून घ्या.